संकटात माइकसमोर कोण आणि कशा तयारीने: कार्यशाळा, घरचा सराव की मॉक ड्रिल?

कारखान्यात स्फोट झाला किंवा वायुगळती झाली की अग्निशमन दलाच्या बंबामागोमाग गेटवर पोहोचतो तो तालुक्याचा स्ट्रिंजर, म्हणजे वाहिन्यांना बातम्या पुरवणारा स्थानिक बातमीदार. मग थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅन येतात, चार-पाच बूम (वाहिन्यांचे माइक) पुढे सरकतात आणि ‘साहेब, एक बाइट द्या’, म्हणजे कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं बोला, सुरू होतं. त्याच वेळी मुंबईच्या डेस्कवरून कुणीतरी फोनो, म्हणजे फोनवरून थेट प्रतिक्रिया, मागत असतं. या पहिल्या तासात कंपनीकडून कोण बोलणार आणि त्याची तयारी कशी करून घ्यायची, हे आधीच ठरवावं लागतं. त्यासाठीचे मार्ग इथे शेजारी-शेजारी ठेवतो. डोळ्यांसमोर मुख्यतः एमआयडीसीतल्या मध्यम आकाराच्या कंपन्या आहेत. माझा कल सुरुवातीलाच सांगतो: पैसे मोजकेच असतील तर ते एमडींच्या (व्यवस्थापकीय संचालकांच्या) एका दिवसाच्या कार्यशाळेवर घालू नका. प्लांट हेडचा मराठीतला सराव पुन्हापुन्हा घेण्यावर घाला.

आधी माणूस ठरवा

बहुतेक कंपन्या एमडींचं नाव लिहून मोकळ्या होतात. काही प्रसंगी ते बरोबरही असतं. २०१५ साली मॅगीचं प्रकरण पेटलं, तेव्हा ५ जूनला नेस्लेचे जागतिक प्रमुख पॉल बुल्के दिल्लीत पत्रकारांसमोर बसले आणि माल मागे घेत असल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं. देशभर विकल्या जाणाऱ्या वस्तूबद्दलचा निर्णय होता. तो खालच्या अधिकाऱ्याच्या तोंडी शोभला नसता.

कारखान्यातल्या अपघाताचं तसं नसतं. एमडी मुंबईत किंवा विमानात असतात. गेटबाहेर कामगारांचे नातेवाईक उभे असतात आणि त्यांना उत्तर आत्ता हवं असतं, त्यांच्या भाषेत हवं असतं.

कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात लॅक-मेगँटिक नावाचं गाव आहे. ६ जुलै २०१३ च्या पहाटे खनिज तेलाच्या टँकरची मालगाडी चालकाविना उतारावरून सुटली आणि गावाच्या मधोमध रुळांवरून घसरली. आगीत ४७ माणसं गेली. रेल्वे कंपनीचे अध्यक्ष एडवर्ड बर्खार्ट अमेरिकेतून गावात आले ते १० जुलैला, आणि फ्रेंच बोलणाऱ्या गावात इंग्रजीत बोलले. लोक संतापले, ओरडले. वर, इंजिनचालकाने हातब्रेक पुरेसे लावले नसावेत, असंही त्यांनी तिथेच सांगून टाकलं. पुढच्या वर्षी कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल आला. त्यात अपघातामागची १८ कारणं नोंदवलेली होती आणि कंपनीच्या सुरक्षेकडे बघण्याच्या ढिलाईवरही बोट होतं. २०१८ च्या जानेवारीत ज्युरीने त्या चालकासह खटल्यातल्या तिन्ही कर्मचाऱ्यांना निर्दोष ठरवलं.

लोटे परशुराम, कुरकुंभ, तारापूर किंवा महाडच्या कारखान्यासाठी हे उदाहरण मला सगळ्यांत जवळचं वाटतं. आपल्याकडेही एमडी इंग्रजीत सराव करतात आणि ऐकणारा माणूस मराठी किंवा हिंदी बोलणारा असतो; कंत्राटी कामगारांची घरं तर अनेकदा बिहार-उत्तर प्रदेशात असतात. म्हणून पहिलं नाव प्लांट हेडचं, दुसरं त्याच्या डेप्युटीचं, कारण अपघात पाळी बघून होत नाही. एमडींचा नंबर त्यानंतर. त्यांनी शक्य तितक्या लवकर जागेवर पोहोचायचं आणि नुकसानभरपाई, चौकशी, कारखाना बंद ठेवण्याचा निर्णय याबद्दल बोलायचं.

बाहेरची एक दिवसाची कार्यशाळा

पीआर एजन्सी किंवा वृत्तवाहिनीतून बाहेर पडलेला पत्रकार ती घेतो. हॉटेलचा हॉल, सकाळी स्लाइड्स, दुपारी कॅमेरा. तिचं खरं बळ दुपारच्या भागात आहे. अनोळखी माणूस साहेबांची भीड न ठेवता विचारतो आणि नंतर चित्रफीत दाखवतो. स्वतःला पडद्यावर बघितल्याशिवाय आपण किती बोलतो हे कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि फार बोलणं हीच मोठी जोखीम असते. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या फलाटावर स्फोट होऊन ११ जण गेले. ३० मे रोजी बीपीचे प्रमुख टोनी हेवर्ड पत्रकारांशी बोलताना लोकांच्या आयुष्यात झालेल्या उलथापालथीबद्दल माफी मागत होते. ते तिथे थांबले असते तर निभावलं असतं. पण पुढे ते म्हणाले, हे सगळं संपावं असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नसेल, मला माझं आयुष्य परत हवंय. ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांनी ते ऐकलं. ऑक्टोबरपर्यंत हेवर्ड यांच्या जागी बॉब डडली आले होते.

अनुभवी रिपोर्टर उत्तर संपल्यावरही माइक लगेच मागे घेत नाही. तीन-चार सेकंद नुसता बघत राहतो. समोरच्याला ती शांतता सोसवत नाही, तो काहीतरी बोलून ती भरतो आणि नेमकं तेच रात्रभर वाहिनीवर फिरतं. ही शांतता सोसायची सवय कॅमेऱ्यासमोरच लागते, स्लाइड बघून लागत नाही.

उणी बाजूही ठळक आहे. कार्यशाळेला एमडी, सीएफओ (वित्तप्रमुख), मार्केटिंगचे लोक जातात. प्लांट हेडला ‘तू प्लांट सांभाळ’ म्हणून मागे ठेवतात. उदाहरणं परदेशी ब्रँडची, सराव इंग्रजीत. वर्षभराने त्यातलं फारसं काही टिकत नाही, आणि तोवर निम्मे लोक बदलून गेलेले असतात. कोटेशन मागवताना मी तीनच गोष्टी विचारेन: प्रत्येकाला प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोर किती मिनिटं मिळणार, सराव मराठी-हिंदीत होणार का, आणि प्रशिक्षक आधी एकदा कारखान्यात येऊन जाणार का. तिसऱ्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर दुसरा माणूस शोधावा.

घरचा सराव

इथे खर्च जवळपास नाही. महिन्यातून एकदा, एचआर किंवा जनसंपर्क अधिकाऱ्याने मोबाइल धरायचा आणि प्रश्न विचारायचे. आपला प्लांट, आपला कच्चा माल, शेजारची वस्ती, सगळं खरं. प्रत्यक्षात सराव कसा दिसतो ते बघा.

रिपोर्टर विचारतो, ‘साहेब, आत किती कामगार होते?’

सरावाआधी येणारं उत्तर बहुधा असं असतं: ‘तसं काही विशेष नाही, परिस्थिती नियंत्रणात आहे.’ बोलणाऱ्याच्या खांद्यामागे धूर दिसत असतो.

सरावानंतर यायला हवं ते असं: ‘चार जण जखमी आहेत, त्यांना रुग्णालयात हलवलंय. त्या विभागात एकूण किती जण होते, हे हजेरी आणि गेटची नोंद ताडून मोजतोय. कंत्राटी कामगारांची यादी ठेकेदाराकडून मागवलीय. नातेवाइकांसाठी दोन नंबर गेटजवळ मदतकक्ष सुरू केलाय. पुढची माहिती मी सात वाजता इथेच देईन.’

यात एकही अंदाज नाही, आणि तरी ऐकणाऱ्याच्या हाती काहीतरी पडतं: कुठे जायचं आणि पुन्हा कधी कळणार. कंत्राटी कामगारांचा उल्लेख मुद्दाम आहे. कायम कामगारांचा आकडा देऊन थांबणाऱ्या कंपनीवर ‘कंत्राटी लपवले’ हा आरोप ठरलेला, आणि ज्याचा भाऊ ठेकेदाराच्या हजेरीवर आहे त्याच्यासाठी तो अर्धा आकडा क्रूर असतो. सात म्हटलं की सातला यायचं, नवीन काही नसलं तरी.

घरच्या सरावाचा कच्चा दुवा म्हणजे भीड. एचआरचा कनिष्ठ अधिकारी प्लांट हेडला ‘गेल्या वर्षीच्या नोटिशीनंतर तुम्ही काय केलंत?’ असं विचारत नाही. मऊ प्रश्नांवर पास झालेला माणूस गेटवर पहिल्याच तडाख्यात अडखळतो. उपाय सोपा आहे: प्रश्न विचारायला बाहेरचा माणूस बसवा. जिल्ह्यातला निवृत्त पत्रकार चालेल, पत्रकारिता शिकणारे विद्यार्थीही चालतील. पुण्याजवळच्या कंपन्यांना रानडे इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेशी बोलता येईल. मात्र सध्या वार्तांकन करणाऱ्या बातमीदाराला मानधन देऊन बोलावू नका. उद्या त्यालाच तुमच्या अपघाताची बातमी द्यायची असते, आणि त्या मानधनाने त्याची व तुमची दोघांचीही पत जाते.

मॉक ड्रिलला जोडलेला सराव

हा मार्ग फार कमी कंपन्या वापरतात आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. धोकादायक रसायनांबाबतच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्यांना दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल, म्हणजे अपघाताची रंगीत तालीम, करावीच लागते. सायरन वाजतो, लोक असेंब्ली पॉइंटवर जमतात, गणती होते, अहवाल लिहिला जातो. त्याच ड्रिलमध्ये गेटवर दोन कॅमेरे आणि एक फोनो घाला, एवढंच म्हणणं आहे.

पहिले दोन मार्ग बोलणं तपासतात, हा मार्ग माहितीची वाट तपासतो. प्लांट हेड उत्तम बोलतो, पण सेफ्टी ऑफिसरचा वॉकीटॉकी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. गणतीचा आकडा हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसला आहे आणि टाइम ऑफिस रिकामं करायच्या इमारतीतच आहे. हे हॉटेलच्या हॉलमध्ये कधीच कळत नाही.

२३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा सुरुवातीला सगळीकडे बॉयलरचा स्फोट असंच सांगितलं गेलं. नंतर रिअ‍ॅक्टरचं (रासायनिक प्रक्रियेच्या टाकीचं) नाव पुढे आलं. मृतांचा आकडा पुढचे काही दिवस वाढत राहिला, काहींची ओळख पटवायला डीएनए चाचणी करावी लागली. ज्याने पहिल्या तासात कारण किंवा आकडा ठामपणे सांगितला असता, तो दुसऱ्या दिवशी खोटा ठरला असता. म्हणून ड्रिलच्या पटकथेत मुद्दाम चुकीची माहिती पेरावी. सरावाचा आकडा दर दहा मिनिटांनी बदलावा आणि बोलणारा ‘आत्ता खात्रीने एवढंच माहीत आहे’ यावर टिकतो का, हे बघावं.

याला मेहनत लागते. पोलीस ठाणं, शेजारच्या कंपन्या, ग्रामपंचायत यांना आधी कळवावं लागतं. प्रत्येक कॅमेऱ्यावर आणि बूमवर ‘सराव’ असं मोठ्या अक्षरांत हवं, नाहीतर कुणीतरी मोबाइलवर काढलेली क्लिप व्हॉट्सअॅपवर खऱ्या अपघाताची म्हणून फिरेल आणि गावात घबराट होईल. ड्रिल वर्षातून दोनदाच होते, त्यामुळे बोलण्याची सवय नुसत्या यावर लागत नाही.

सगळं एजन्सीच्या हाती

काही कंपन्या म्हणतात, आम्ही बोलणारच नाही, एजन्सी निवेदन पाठवेल. उत्पादनातला दोष, डेटाचोरी, न्यायालयातला वाद अशा प्रसंगी लेखी निवेदन चालू शकतं. माणसं जखमी असताना ते चालत नाही. निवेदन ईमेलवर पोहोचेपर्यंत कंपनीच्या जागी दुसरंच कुणीतरी बोललेलं असतं. एजन्सी जरूर ठेवा, पण फोन घ्यायला, बातम्यांवर नजर ठेवायला आणि चुकीची माहिती खोडायला.

मग कुणी काय घ्यावं

वस्तीला लागून असलेला रासायनिक कारखाना असेल तर मॉक ड्रिलला जोडलेला सराव हा पाया. त्यात महिन्याचा घरचा सराव बाहेरच्या प्रश्नकर्त्यासह घाला. बाहेरची कार्यशाळा एकदाच, सुरुवातीला, तीन-चार जणांसाठी, मराठीत. खाण्यापिण्याचा किंवा औषधाचा ब्रँड असेल तर क्रम उलटा: आधी कार्यशाळा, आणि तिच्यात एमडी हवेतच. पन्नास-साठ माणसांच्या वर्कशॉपला घरचा सराव आणि खिशात एक कागद पुरे. कागदावर अग्निशमन, पोलीस, रुग्णालय, ठेकेदार यांचे नंबर आणि पहिल्या तासात सांगायची चार वाक्यं.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर सरावात कंपनी सेक्रेटरी हवाच. सेबीच्या (शेअर बाजाराच्या नियामकाच्या) नियमानुसार कंपनीतच घडलेली महत्त्वाची घटना बारा तासांत एक्स्चेंजला कळवावी लागते. उत्पादन किती दिवस बंद राहील, नुकसान किती, हे तिथे जाण्याआधी गेटवरच्या बाइटमध्ये निसटलं तर नवं संकट उभं राहतं. जखमींची माहिती आणि लोकांना द्यायच्या सुरक्षेच्या सूचना मात्र यासाठी रोखून धरू नयेत. ही सीमारेषा वकिलांसोबत आधीच आखून घ्या.

कुठलाही मार्ग घेतलात तरी यादीत एक नाव वाढवा. रात्री दोन वाजता गेटवर ना प्लांट हेड असतो, ना एचआर. असतो तो सिक्युरिटी एजन्सीचा सुरक्षारक्षक. पहिली क्लिप त्याचीच निघते, बहुतेक वेळा कॅमेऱ्यावर हात ठेवताना किंवा धक्काबुक्की करताना. त्याला एवढंच शिकवायचं की रिपोर्टरला नमस्कार करून सुरक्षित अंतरावरची ठरलेली जागा दाखवायची, ‘साहेब येऊन बोलतील, त्यांना फोन लावलाय’ म्हणायचं आणि तो फोन खरंच लावायचा. सुरक्षारक्षक दर काही महिन्यांनी बदलतात, त्यामुळे हा अर्ध्या तासाचा सराव एजन्सीच्या करारातच लिहून घ्या.