जुन्या लीफला ४० ची बॅटरी: काही महिने चालवल्यानंतर

आमची निस्सान लीफ ही इलेक्ट्रिक गाडी २०१४ ची. जपानमध्ये वापरून झाल्यावर जहाजातून इथे न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला आली. इथल्या जुन्या लीफ बहुतेक अशाच आलेल्या. स्क्रीनवर सगळं जपानी, नकाशात फक्त जपान. भारतात ही गाडी कधी विक्रीला आलीच नाही, म्हणून तिकडच्या वाचकांसाठी एवढंच सांगतो: कागदावर २४ किलोवॉट-तासांची बॅटरी, म्हणजे आपल्या भाषेत २४ युनिट. त्यातले नव्या गाडीतही वापरायला साधारण २१ मिळतात.

मीटरच्या उजव्या कडेला बारा काड्या असतात. चार्ज किती उरला ते त्या सांगत नाहीत, बॅटरीचं आयुष्य किती उरलं ते सांगतात. पहिली काडी क्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास आली की जाते, पुढची प्रत्येक सव्वासहा टक्क्यांना. आमच्या आठ उरल्या होत्या. लीफस्पाय नावाचं अ‍ॅप आणि गाडीची माहिती फोनला पाठवणारा एक छोटा डोंगल लावला की नेमका आकडा दिसतो, तो ६२ टक्के होता. म्हणजे हातात तेरा-चौदा युनिट. हिवाळ्याच्या सकाळी हीटर लावून मोटरवेवर गेलं की सत्तर किलोमीटरच्या पुढे जायची हिंमत होत नसे. बाकी गाडी ठणठणीत. मोटर, ब्रेक, सीट, कशाचीच तक्रार नाही.

विकून टाका, हा सल्ला सगळ्यांनीच दिला. पण आठ काड्यांच्या लीफला किंमत येते ती जवळजवळ भंगाराची, आणि त्या पैशांत दुसरी जी मिळेल तिची बॅटरीही म्हातारीच. त्यामुळे बॅटरी बदलायची हे लवकर ठरलं. कुठली, हे ठरायला फार वेळ गेला.

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे अपघातात गेलेल्या लीफमधला २४ चाच पॅक, म्हणजे सेलांनी भरलेला बॅटरीचा अख्खा खोका. थेट बसतो, काही जुळवावं लागत नाही. पण तोही आता दहा वर्षांचा असणार. लिथियम बॅटरी वापरल्याने झिजते तशी नुसती ठेवल्यानेही झिजते, त्यात उष्णता आणि पूर्ण चार्ज करून उभी ठेवायची सवय असेल तर जास्तच. दोन-तीन वर्षांनी पुन्हा तिथेच यायचं असेल तर मजुरी दोनदा का द्यायची?

फक्त कमजोर सेल बदलू, असंही एका गॅरेजवाल्याने सुचवलं. २४ च्या पॅकमध्ये १९२ सेल असतात, दोन-दोनच्या जोडीने ९६ जोड्या एकापुढे एक. एखाद-दुसरी जोडी अचानक बसली असेल तर हा इलाज योग्यच. आमचा पॅक मात्र सगळीकडून सारखा थकलेला होता. तिथे चार सेल नवे घातले तरी पॅक थांबणार तो सगळ्यात अशक्त जोडी जिथे थांबेल तिथेच.

जपानमध्ये खुद्द कंपनीने यावर चांगली सोय केली होती. फुकुशिमातल्या नामिए गावी निस्सान आणि सुमितोमोच्या फोर-आर एनर्जी या कंपनीने २०१८ मध्ये कारखाना काढला. जुन्या पॅकमधले बरे भाग निवडून पुन्हा बांधलेली २४ ची बॅटरी ३ लाख येनला, तर नवी साडेसहा लाखांना मिळे. ही योजना जपानपुरती होती. जपानमधून वापरून आलेल्या आमच्या गाड्यांना तिचा उपयोग झाला नाही.

मग राहिले मोठे पॅक. ३०, ४०, ६२ युनिटचे, आणि शिवाय चीनमध्ये बनणारे अगदी नवे पॅक, ज्यांत सेल नवे पण खोका आणि मेंदू (सेलांवर लक्ष ठेवणारं सर्किट) तिसऱ्याचाच. ६२ चा पॅक जाडीला जास्त. तो बसवायला मध्ये तुकडे घालावे लागतात, गाडी जमिनीजवळ येते, स्प्रिंगचं बघावं लागतं. तो लगेच बाद केला. नव्या चिनी पॅकचा मोह मात्र खूप झाला. शून्य वापर, वॉरंटीचा कागद. मी दोन-तीन विक्रेत्यांना एकच प्रश्न विचारला: चार वर्षांनी यातलं एक सर्किट गेलं तर तो खोका उघडणार कोण? उत्तर प्रत्येक वेळी वॉरंटीच्या कागदाकडेच वळायचं. निस्सानचा पॅक उघडणारी, त्याचे सुटे भाग फडताळावर ठेवणारी माणसं मात्र याच शहरात आहेत. माझ्या दृष्टीने निर्णय तिथेच झाला. बॅटरी किती मोठी यापेक्षा ती कुठून आली आणि उद्या कोण दुरुस्त करेल, हे दोनच प्रश्न मी महत्त्वाचे मानले.

शेवटी २०१८ नंतरच्या, मागून ठोकल्या गेलेल्या एका लीफचा ४० चा पॅक घेतला. त्याची लांबी-रुंदी आणि बोल्टच्या जागा आमच्या गाडीशी जुळतात, वजन किंचित जास्त. किंमत आकड्यात सांगत नाही, कारण ती महिन्यागणिक हलते. आमच्या गाडीच्या बाजारभावाच्या दुपटीहून जास्त होती, एवढं समजा. बायकोने हिशेबाच्या वहीत ते वाक्य लाल पेनने लिहून ठेवलं आहे.

जुना पॅक विकत घेणाऱ्यांनी काड्यांवर अजिबात विसंबू नये. बॅटरीचा मेंदू रिसेट करून बाराच्या बारा काड्या परत आणता येतात. काही आठवडे चालवल्यावर त्या गपचूप उतरतात, तोवर विकणारा मोकळा. आणि मेंदू स्वतःहूनही चुकतो. ३० च्या लीफ फार वेगाने झिजताहेत असं इथल्याच गाडीमालकांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये दिसलं होतं, मोठी खळबळ उडाली. नंतर निघालं की दोष मोजणीत होता, आणि निस्सानने सॉफ्टवेअर सुधारून दिलं. म्हणून मी अट घातली की पॅक मूळ गाडीत असतानाच मला चालवून बघायचा. पूर्ण चार्जपासून अगदी खालपर्यंत. किती युनिट बाहेर आली ते मोजायचं आणि तळाला आल्यावर, चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबून, सेलांमधला व्होल्टचा फरक पाहायचा. भरलेल्या बॅटरीत सगळेच सेल गुणी दिसतात. कोण लंगडा आहे ते रिकाम्या पोटी चढ लागला की कळतं. मागून ठोकलेली गाडी चालवण्याजोगी होती म्हणून हे जमलं. अशी संधी नसेल तर निदान मूळ गाडीचं वर्ष, तिचे किलोमीटर आणि ती किती वेळा फास्ट चार्ज झाली ही लीफस्पायमध्ये दिसणारी संख्या तरी मागाच.

बसवण्याचं काम मी समोर उभं राहून पाहिलं, हात लावला नाही. साडेतीनशे व्होल्ट डीसी आहे, हौशी लोकांचं काम नव्हे. मागच्या प्रवाशाच्या पायाखालचा सर्व्हिस प्लग (बॅटरीचा करंट तोडणारा) काढायचा, नारिंगी केबल सोडवायच्या, खालून बोल्ट काढून पॅक लिफ्टवर उतरवायचा. लीफच्या बॅटरीला पाण्याने थंड करायची व्यवस्था नाही, त्यामुळे पाइप नाहीत, गळती नाही. गंमत अशी की ज्या उणिवेमुळे ही बॅटरी उन्हात लवकर म्हातारी होते, त्याच उणिवेमुळे ती बदलणं सोपं जातं. लोखंडाचं काम दुपारपर्यंत उरकलं. वेळ घेतला तो संगणकाने. नवी बॅटरी आणि जुनी गाडी वेगळ्या बोलीत निरोप पाठवतात, म्हणून मध्ये दुभाषी म्हणून एक छोटा बोर्ड लावतात, त्याला कॅन ब्रिज म्हणतात. तो बोर्ड कोणाचा आहे, त्यातलं सॉफ्टवेअर पुढे अपडेट होणार का, हे आधी विचारा. सगळ्या बदलात हाच एक भाग असा आहे की तो बिघडला तर गाडी जागची हलणार नाही.

आता वापराबद्दल. पॅकची तब्येत घेताना ९१ टक्के होती, आज एका टक्क्याने कमी आहे. शहरात दोनशे किलोमीटरच्या वर आरामात, मोटरवेवर शंभरच्या वेगाने एकशेऐंशीच्या आसपास. हॅमिल्टन इथून सव्वाशे किलोमीटर. पूर्वी तिथे जायला मध्ये थांबावं लागे. आता दक्षिणेला बॉम्बे हिल्सचा चढ (मुंबईकरांनो, नाव जहाजावरून पडलंय) टक्के खातो तरी पोचल्यावर भरपूर उरतं. फरक सर्वात जास्त जाणवला तो मात्र रोजच्या धावपळीत. बायको आता ऑफिसातून निघताना उरलेले टक्के बघत नाही, हीटर बंद करून कुडकुडत येत नाही.

जे सुधारलं नाही तेही सांगतो. गाडीतला चार्जर जुनाच, तीन किलोवॉटच्या घरातला. त्यामुळे रिकामी बॅटरी भरायला अकरा-बारा तास. साध्या तीन पिनच्या सॉकेटवर तर रात्र पुरतच नाही. रोज थोडं थोडं भरत असाल तर हे खुपत नाही. आठवड्यातून एकदाच भरणाऱ्यांनी भिंतीवरचा चार्जर लावून घ्यावा. चार्ज व्हायला किती वेळ उरला ते मीटर काहीतरीच दाखवतो, त्याकडे मी बघणं सोडलं. आणि लांबच्या प्रवासात एकदा फास्ट चार्ज झाला, तासभर शंभरच्या वेगाने गेलो आणि दुसऱ्यांदा लावली की तापलेली बॅटरी करंट कमी घेते. शिवाय लीफला लागणारे चाडेमो नावाचे फास्ट चार्जिंगचे प्लग नव्या चार्जिंग ठिकाणी दुर्मिळ होत चाललेत. दिवसात चारशे किलोमीटर जाणाऱ्यांनी हा खटाटोप करू नये, सरळ दुसरी गाडी घ्यावी.

पैशांचं गणित निव्वळ पेट्रोल वाचण्यावर बसत नाही. १ एप्रिल २०२४ पासून इथे इलेक्ट्रिक गाड्यांनाही दर १००० किलोमीटरला ७६ डॉलरचा रस्ता-कर लागू झाला. माझ्यासाठी गणित बसतं ते यामुळे की नवी इलेक्ट्रिक गाडी न घेता पाच-सहा वर्षं निभतील असं दिसतंय. विमा कंपनीला बदल लेखी कळवला, तो टाळू नका. जुना पॅक वर्कशॉपने परत घेऊन किमतीतून काही रक्कम वजा केली. असे पॅक शेतांवर सोलरला जोडतात.

पुण्या-मुंबईच्या मित्रांचे प्रश्न येतात ते नेक्सॉन ईव्हीबद्दल. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या पहिल्या गाड्यांची आठ वर्षांची बॅटरी वॉरंटी २०२८ मध्ये संपायला लागेल. तिची बॅटरी पाण्याने थंड होते, त्यामुळे लीफसारखी झटकन उतरणार नाही, पण खोलून बदलायला जास्त किचकट. अपघातात गेलेल्या गाड्यांचे पॅक तिकडे कोण विकत घेतंय, कोण उघडून दुरुस्त करतंय, हे आतापासूनच शोधून ठेवा. असं गॅरेज माहीत असेल तर खाली लिहा, पुढच्या भारतभेटीत मला बघायला आवडेल.