युरोपची नोंदणी की बांगलादेशची गाडी?

द्राक्षाचा प्लॉट युरोपसाठी ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या बागांच्या सरकारी नोंदणीत टाकायचा, की सोनाका या वाणाचे लांब मणी करून बांगलादेशला माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला जागेवर द्यायचा? नोंदणी दिवाळीच्या आसपास होते, म्हणून आपण तोवर थांबतो. पण हा निर्णय एप्रिलच्या खरड छाटणीलाच, म्हणजे हंगाम संपल्यावर काडी तयार करायच्या छाटणीलाच होऊन गेलेला असतो. २०१० साली ते सगळ्या नाशिक जिल्ह्याने पाहिलं. काडीत घड धरावा म्हणून छाटणीनंतर मारलेलं सीसीसी (क्लोरमेक्वाट, वाढ रोखणारं रसायन) पुढच्या हंगामाच्या मण्यांत निघालं. फळात उरणाऱ्या त्याच्या अंशाची युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. कंटेनर तिकडे अडकले.

युरोपचा हिशेब सावधगिरीच्या तत्त्वावर चालतो. ज्या औषधाची त्या पिकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे दहा टन द्राक्षांत १०० मिलिग्रॅम. हे औषध विषारी ठरलंय असा त्याचा अर्थ नाही. सुरक्षित असल्याची माहिती कुणी पुढे ठेवलेली नाही, एवढाच. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या एसपीएस (अन्नसुरक्षा आणि पीक-पशू आरोग्याच्या) करारानुसार अशा निर्बंधाला शास्त्रीय आधार लागतो. पुरावा अपुरा असेल तर कलम ५.७ खाली तात्पुरता निर्बंध घालता येतो, पण पुढची माहिती मिळवण्याची जबाबदारी तो घालणाऱ्यावर येते. भारत तिथे युरोपच्या मर्यादांवर हरकती घेत आलाय आणि त्यातल्या बऱ्याचशा मला रास्त वाटतात. त्याहून जास्त खटकतात तिकडच्या काही सुपरमार्केटच्या अटी: कायद्याच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शातच अंश हवेत, तेही मोजक्याच औषधांचे. याला कुठल्या शास्त्राचा आधार आहे, ते मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

बांगलादेशच्या मालाला हे काही नाही. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर पाऊस लागला, डाऊनी ही बुरशी घडावर उतरली, की हातात असेल ते मारता येतं. सखल, पाणी धरणाऱ्या प्लॉटसाठी ही मोकळीक फार मोठी आहे, हे मान्यच करायला हवं.

माझा कल मात्र ठरला तो दुसऱ्याच त्रासाने. व्यापाऱ्याशी भाव ठरतो, मजूर येतात, निम्मा प्लॉट खाली होतो आणि सकाळी फोन येतो: तिकडे ड्युटी वाढली, गाड्या सीमेवर थांबल्यात, किलोमागे इतके कमी घ्या. कधी हे खरं असतं. २०२२ च्या मे महिन्यात बांगलादेशने परदेशी फळांवरचं नियामक शुल्क २० टक्क्यांवर नेलं होतं. कधी खरं नसतंही. आपल्याला तपासायला वाव नसतो, कारण उरलेला घड वेलीवर मऊ पडत असतो. हे एका व्यापाऱ्यापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण माणूस बदलला तरी फोन तोच येतो. असा फोन आला की वर्षभराच्या राबण्याचं मोल दुसऱ्याच कुणाच्या तोंडी आहे, हे फार लागतं.

युरोपचा नियम जाचक आहे, पण त्याला तारीख असते. थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन या कीटकनाशकांची मर्यादा मोजता येईल तेवढ्या किमान पातळीवर आणायचा निर्णय २०२३ च्या फेब्रुवारीत झाला, लागू ७ मार्च २०२६ पासून. तीन वर्षं हातात मिळाली. आणि त्यामागचं कारण खाणाऱ्याचं पोट नव्हतं, मधमाश्या होत्या, त्याही फक्त युरोपातल्या नव्हेत. आपल्या वावरात काय फवारायचं हे परक्यांनी का ठरवावं, हा प्रश्न चुकीचा नाही. पण द्राक्षाला मधमाशी लागत नाही, म्हणून आपण बागाईतदार तिचा विचार सोडून बसलोय. बांधापलीकडच्या डोंगळ्याला, म्हणजे बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला ती लागते. ही औषधं बंद केल्यापासून आमच्या शेजारच्या कांद्याच्या बियाण्याचे गोंडे जास्त भरलेले वाटतात. मोजमाप केलेलं नाही, हवामानही चांगलं असेल. तरी माश्यांचा आवाज वाढलाय, हे शेजारीही म्हणतो.

तुमचा प्लॉट सखल असेल, सोनाका असेल, आणि औषधांच्या नोंदी ठेवणारं घरात कुणी नसेल, तर युरोपच्या मागे लागू नका. नोंदणीचा खर्च आणि वर फेल सॅम्पल, दोन्ही अंगावर येईल. थॉमसन वाण असेल, जमीन निचऱ्याची असेल, तर एक प्लॉट तरी वेगळा काढा. ओलांड्यात, म्हणजे वेलीच्या आडव्या खोडात सीसीसीचा जुना अंश असेल अशी शंका असली तर तो प्लॉट यंदा नको. बाकी प्लॉटवर खरड छाटणीच्या दिवसापासून वही घाला, आणि सॅम्पल काढायच्या तारखेपासून मागे मोजून शेवटची फवारणी ठरवा. आम्ही निचऱ्याची सगळी बाग युरोपला लावलीय. ओढ्याकाठचा सोनाका तेवढा जागेवर देतो.