टोनीज चोकोलोनली: चव, किंमत आणि कोको पिकवणारे हात

लाल वेष्टनातला टोनीज चोकोलोनलीचा १८० ग्रॅमचा मिल्क चॉकलेट बार युरोपातल्या अनेक सुपरमार्केटांत सहज मिळतो. तो जाड, मऊ आणि बराच गोड आहे. त्यात कोको ३२ टक्केच असल्याने कडवट चव आवडणाऱ्यांनी याच कंपनीचा गडद प्रकार घ्यावा.

बारचे तुकडे मात्र ताटातल्या वड्यांसारखे सारखे पडत नाहीत आणि ते मुद्दाम केलेले आहे: चॉकलेटच्या व्यापारातला नफा किती विषम वाटला जातो, हे खाणाऱ्याला हातात घेताच कळावे.

जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या देशांतून येतो. शिकागो विद्यापीठाशी संलग्न एनओआरसी संस्थेच्या २०२० सालच्या अहवालानुसार तिथल्या कोकोशेतीत १५ लाखांहून अधिक मुले बालमजुरी करत होती. त्यांतली बहुतेक घरच्याच शेतात कोयत्याने शेंगा फोडतात आणि जड ओझी वाहतात, कारण कोकोला मिळणाऱ्या भावात मजूर लावणे आईबापांना परवडत नाही. माली आणि बुर्किना फासोमधून आमिष दाखवून आणलेली, मजुरीविना राबवली जाणारी मुले हा त्याहून भीषण प्रकार आहे, आणि या दोहोंची गल्लत होता कामा नये. बड्या कंपन्यांनी २००१ साली हार्किन-एंगेल करारान्वये बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार २००५ पर्यंत संपवण्याचे मान्य केले होते. ते झाले नाही.

त्याच २००५ साली डच पत्रकार टेउन व्हान दे कोइकेन यांच्या पुढाकाराने हा ब्रँड सुरू झाला. तत्पूर्वी त्यांनी चॉकलेट खाऊन, आपण गुलामगिरीला हातभार लावला आहे, तेव्हा आपल्यावर खटला भरा, अशी मागणी केली होती. कंपनी बियांचा माग शेतापर्यंत ठेवते, बाजारभावापेक्षा अधिक दर देते आणि सहकारी संस्थांशी दीर्घ मुदतीचे करार करते. बार महाग पडतो तो बव्हंशी यामुळेच, आणि ही जादा किंमत मला रास्त वाटते.

२०२१ साली एका जागृती मोहिमेने आपल्या गुलामगिरीमुक्त चॉकलेटच्या यादीतून या कंपनीला वगळले, कारण तिच्या बियांवर प्रक्रिया करणाऱ्या बॅरी कॅलेबॉ या बड्या कंपनीवर बालमजुरीचे आरोप होते. आक्षेप गंभीर आहे आणि खरेदी करणाऱ्याने तो जाणून घ्यावा. तरीही मी हाच बार सुचवेन, कारण आपल्या पुरवठासाखळीत सापडलेली बालमजुरीची प्रकरणे ही कंपनी वार्षिक अहवालात स्वतः नोंदवते. एकही प्रकरण सापडले नाही असे सांगणाऱ्यांनी शोध किती घेतला, हे आधी विचारावे लागते.