छतावर तंबू असलेली भाड्याची गाडी: ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात कुणी न्यावी, कुणी टाळावी

ॲडलेडला मुलगा-सून नोकरीला, नातवंडं लहान, आई-बाबा मे महिन्यात सोलापूरहून येणार आणि सगळ्यांनी मिळून गाडीनं उलुरूला, म्हणजे वाळवंटातल्या त्या प्रसिद्ध लाल खडकाला, जायचं, असा बेत ठरला की पहिली नजर जाते ती छतावर दोन तंबू बसवलेल्या फोर व्हील ड्राइव्हवर. फोटोत झकास दिसते. पाच माणसांची झोपायची सोय, मागे फ्रीज, गॅस, पाण्याची टाकी, सगळं एकाच भाड्यात. गाडी म्हणून तिला दहापैकी आठ गुण द्यायला हरकत नाही. पण ॲडलेड ते उलुरू हा रस्ता सगळा डांबरी आहे. स्टुअर्ट हायवे १९८७ साली पूर्ण डांबरी झाला, आणि त्याला एरलडुंडाला फुटणारा उलुरूचा २४५ किलोमीटरचा फाटाही डांबरीच आहे. तेवढंच करायचं असेल तर फोर व्हील ड्राइव्हचे जादा पैसे कशाला मोजायचे, हे आधी ठरवा. ती लागते आडवाटेला: मेरीनी लूप, ऊडनाडाटा ट्रॅक अशा कच्च्या रस्त्यांवर. मेरीनी लूपसाठी वेगळा परवाना काढावा लागतो आणि साध्या गाड्या तिथे नेऊच नयेत.

आता तंबू. कव्हरची चेन उघडायची, पट्टे सोडायचे, शिडी ओढून तिच्याच जोरावर घडी उलटायची, मग बाहेरच्या छपराला सळ्या लावायच्या. सरावलेल्या दोघांना एका तंबूला दहा मिनिटं पुरतात. मिटायला जास्त वेळ लागतो, कारण गादी आणि कापड आत कोंबल्याशिवाय कव्हरची चेन लागत नाही. यातली खरी गोम अशी की तंबू मिटल्याशिवाय गाडी हलत नाही. दूध संपलं, पेट्रोल पंपावर जायचंय, सूर्योदय बघायला पहाटे निघायचंय, की आधी सगळ्यांना उठवून दोन्ही तंबू मिटा. उलुरूच्या पार्कमध्ये मुक्काम करता येत नाही. कॅम्पसाइट बाहेर युलाराला आहे. म्हणजे सूर्योदयाच्या दिवशी ही कसरत अंधारात, थंडीत आणि झोपेतल्या पोरांसह होणार. त्यावर उपाय एकच: पहाट सोडून द्यायची. संध्याकाळचा उलुरूही काही कमी नाही.

शिडीकडे नीट लक्ष द्या. ती जमिनीशी साधारण ७० ते ७५ अंशात टेकली पाहिजे. फार उभी राहिली तर उतरताना तोल जातो. फार आडवी झाली तर पायऱ्या वाकतात आणि तंबूच्या बिजागरीवर भार येतो. जमीन उताराची असेल तर शिडीखाली फळी सरकवण्यापेक्षा गाडीच हलवून सपाट जागा शोधावी. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना ही शिडी झेपत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. चढणं एक वेळ जमतं, पण रात्री दोनला लघवीला उतरायचं असतं तेव्हा खरी परीक्षा असते. घरात साठीपुढचं कुणी असेल तर साधी कॅम्परव्हॅन (आतच झोपायची सोय असलेली व्हॅन) बघा, नाहीतर त्यांच्यासाठी कॅम्पसाइटवरची केबिन आधीच बुक करा. सुट्टीच्या दिवसांत युलाराला ऐन वेळी काही मिळत नाही.

मे महिना या प्रवासाला उत्तम. सोलापूर त्या वेळी चाळिशीच्या पुढे तापलेलं असतं, म्हणून वाळवंट म्हटलं की लोक सुती कपडे आणि टोप्या भरतात. तिथे मात्र हिवाळा सुरू होत असतो. त्या भागातल्या ॲलिस स्प्रिंग्ज या गावी मे महिन्यात दिवसा सरासरी तेवीस आणि रात्री आठ अंश तापमान असतं. जून-जुलैत पारा शून्याखालीही जातो. छतावरच्या तंबूत थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. फळीखालून वारा वाहतो आणि पातळ फोमची गादी अंगाच्या वजनानं दबते. भाड्यात मिळणारी रजई पांघरायला पुरते. अंथरायला काहीच नसतं. इथे आपली सोलापुरी चादर कामाला येते, पण पांघरायला नव्हे. जाड विणीची चादर दुहेरी करून गादीवर टाका आणि तिच्यावर झोपा. विमानात वजन घेते हे खरं, पण दोन तंबूंना दोन चादरी पुरतात.

थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या लावून झोपू नका. तीन-चार माणसांच्या श्वासाचं बाष्प कापडावर जमतं आणि पहाटे अंथरुणावर ठिबकतं. वरच्या जाळीच्या दोन झडपा समोरासमोर बोटभर उघड्या ठेवायच्या. सकाळी तंबू ओला वाटला तर ऊन लागेपर्यंत चहा घ्या आणि मगच मिटा. ओला मिटलेला तंबू दोन दिवसांत कुबट वास मारतो. चेनमध्ये लाल धूळ अडकते, तिला तेल लावायचं नाही. तेलावर धूळ चिकटून चेन पार अडते. जुना टूथब्रश फिरवला की काम होतं.

स्वयंपाकाची बाजू जेमतेम. एक किंवा दोन बर्नरची शेगडी मिळते, भांडी पातळ असतात, कुकर नसतो. तीन लिटरचा सपाट बुडाचा कुकर घरूनच घ्या. मोठा कुकर त्या छोट्या शेगडीवर डुगडुगतो. शेगडी छोट्या डब्यांतल्या ब्युटेनवर चालते का, हे गाडी घेतानाच विचारा. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायूरूप घेईनासा होतो, त्यामुळे जुलैच्या पहाटे डबा भरलेला असूनही शेगडी मिणमिणते. डबा रात्री तंबूत घेऊन झोपू नका. सकाळी कोमट पाण्यात थोडा वेळ उभा केला तरी ज्योत सुधारते. प्रोपेनच्या सिलिंडरला ही अडचण नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. वाटेतलं बरंचसं पाणी बोअरचं, जड आणि काही ठिकाणी खारट. त्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, हे बोअरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या घरांना वेगळं सांगायला नको. मूगडाळ, मसूर न्या, आणि डाळ-भातापुरतं शहरात भरलेलं पाणी वेगळं ठेवा. पिण्या-रांधण्याला माणशी रोज किमान पाच लिटर धरा, आडवाटेला दहा. सगळं पाणी एकाच टाकीत ठेवू नका. टाकीला चीर गेली की सगळंच जातं.

सोलापुरी कडक भाकरी या प्रवासाला अगदी योग्य: फ्रीज नको, गॅस नको, दुपारी गाडी सावलीत लावून ठेचा नि दह्याबरोबर जेवण उरकतं. पण ऑस्ट्रेलियात उतरण्याआधी प्रवाशांकडून भरून घेतात त्या कार्डावर खाण्याचा प्रत्येक पदार्थ लिहायचाच. भाजलेली कोरडी भाकरी सहसा अडत नाही. तरी शेवटचा निर्णय तिथल्या अधिकाऱ्याचा. पेढे, खवा, ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, कच्चे शेंगदाणे बॅगेत नकोतच. न लिहिता नेलं आणि सापडलं तर दंड जबर आहे. शेंगाचटणीचं सामान ॲडलेडच्या भारतीय दुकानांत मिळतं, तिथेच करा. परतताना नॉर्दर्न टेरिटरीतून साउथ ऑस्ट्रेलियात फळं आणणंही चालत नाही, तेव्हा केळी-सफरचंद हद्दीआधी संपवायची.

फ्रीज चांगला चालतो, पण त्याचं पोट गाडी चालण्यावर भरतं. तो दुसऱ्या बॅटरीवर असतो आणि ती इंजिन सुरू असताना चार्ज होते. शंभर ॲम्पियर-अवरच्या साध्या बॅटरीतले निम्मे वापरायला मिळतात. एका जागी दीड-दोन दिवस थांबलात की फ्रीज बंद पडतो आणि दही फसफसतं. दोन रात्री राहायच्या ठिकाणी विजेच्या कनेक्शनची जागा घ्या. गाडीला २४० व्होल्टची बाहेरची जोडणी आहे का, हे ताबा घेतानाच बघा, सगळ्या गाड्यांना नसते.

रस्त्याबद्दल. ॲडलेड ते कूबर पेडी ८४६ किलोमीटर. एका दिवसात होतं, पण मुलांना घेऊन करू नये. पहिला मुक्काम पोर्ट ऑगस्टाला टाका, दुसरा कूबर पेडीला, तिसऱ्या दिवशी एरलडुंडा. ग्लेनडॅम्बो ते कूबर पेडी सुमारे अडीचशे किलोमीटर पंप नाही, म्हणजे सोलापूर सोडलं की थेट पुणे. मध्ये टेंभुर्णी नाही, इंदापूर नाही, भिगवण नाही. छतावर शंभर किलोहून जास्त वजन आणि वाऱ्याला आडवे तंबू, त्यामुळे डिझेल १०० किलोमीटरला बारा-चौदा लिटर जातं. टाकी निम्म्यावर आली की मिळेल तिथे भरायची. फोनला गावाबाहेर रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून घ्या.

वेगमर्यादा साउथ ऑस्ट्रेलियात ११०, पुढे नॉर्दर्न टेरिटरीत १३० दिसते. ती या गाडीसाठी नाही. वजन वर असल्यानं आडव्या वाऱ्यात ती डुलते आणि रोड ट्रेन (मागे डबे जोडलेला लांबलचक ट्रक) शेजारून गेली की धक्का बसतो. या ट्रकांना जोडलेले डबे धरून लांबी ५३.५ मीटरपर्यंत असते. शंभरच्या वेगानं जाणाऱ्या अशा ट्रकला ११०नं ओलांडायला सव्वा किलोमीटर तरी जातो, आणि समोरून येणाऱ्याचं अंतर त्याहून वेगळं धरायचं. घाई नसेल तर मागेच राहा.

सगळ्यात नीट वाचायची गोष्ट म्हणजे भाड्याचा करार, आणि लोक नेमका तोच वाचत नाहीत. बहुतेक करारांत गावाबाहेर अंधार पडल्यावर गाडी चालवायला मनाई असते, कारण कांगारू आणि मोकळी गुरं संध्याकाळीच रस्त्यावर येतात. जूनमध्ये ॲलिसला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे पाचला थांबायचं. अंधारात जनावराला धडक बसली तर विमा हात वर करतो. छताचं नुकसान, गाडीच्या पोटाचं नुकसान, पाण्यातून गाडी नेणं आणि दुसरी गाडी नसताना झालेली पलटी, यांपैकी काय काय वगळलंय ते एकेक करून बघा. 'फुल कव्हर' या शब्दावर जाऊ नका. कच्च्या रस्त्यांची परवानगी रस्त्यांच्या नावांसकट लेखी घ्या. दोघे चालवणार असाल तर दोघांचीही नावं करारात हवीत.

लायसन्स इंग्रजीत असलं तरी आंतरराष्ट्रीय परमिट सोबत असावं. सोलापूर आरटीओत फॉर्म ४-अ, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती आणि १००० रुपये शुल्क. मुदत एक वर्ष. सात वर्षांखालच्या मुलांना तिथल्या प्रमाणित चाइल्ड सीटशिवाय बसवता येत नाही, ती आधी बुक करा. मागच्या बाकावर दोन चाइल्ड सीट लागल्या की मधे मोठं माणूस अंग चोरूनच बसतं. पाच जणांची गाडी म्हणतात ती झोपायला पाच. बसायला चार धरलेले बरे.

गाडी ताब्यात घ्यायला दीड-दोन तास काढा. अंगणातच दोन्ही तंबू उघडून मिटून दाखवायला सांगा. जॅक, पाना, सुटं चाक (आडवाटेला दोन), हवेचा पंप आणि प्रेशर गेज हातात घेऊन तपासा. कच्च्यावर हवा ३८वरून २८ पीएसआयच्या आसपास उतरवावी लागते, नाहीतर खडबडीत रस्त्यावर हादऱ्यांनी फ्रीजचे स्क्रू सैल होतात. डांबरी लागताच परत भरायची, कारण कमी हवेचं टायर वेगात तापून फुटतं. काच, छत आणि गाडीच्या पोटाचा व्हिडिओ काढून ठेवा. परत देताना गाडी धुवून, टाकी भरून आणि तंबू कोरडे करून द्या. लाल मातीची साफसफाई वेगळी लावतात, आणि अनामत रकमेतून कापलेले पैसे सोलापूरला परतल्यावर ईमेलनं मागत बसणं फार वेळखाऊ पडतं.