टेनिस एल्बोचा पट्टा: काही महिन्यांच्या वापरानंतर

कोपराच्या पट्ट्याचे वेल्क्रो गेल्या आठवड्यात पूर्ण निकामी झाले आणि दुकानदाराने 'अंगाला लागलेली वस्तू बदलून मिळत नाही' एवढ्यावर विषय संपवला, म्हणून पावसाळ्यापासूनचा हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. पट्टा नेहमीचाच आहे: आत लहानशी गादी, बाहेर वेल्क्रो, किंमत साडेचारशेच्या आसपास.

अप्पा बळवंत चौकाजवळ माझे पुस्तकबांधणीचे काम चालते. दिवसभर प्रेस आवळणे, पुठ्ठा कापणे आणि गठ्ठे उचलणे, म्हणजे सतत मूठ घट्ट धरणे, आणि या दुखण्याचे मूळ त्या पकडीतच आहे. मूठ आवळली की बोटे मिटणारे स्नायू मनगटालाही आत ओढतात. ते आत वळू नये म्हणून हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू त्याच क्षणी ताणले जातात. त्यांपैकी एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस ब्रेव्हिस या स्नायूची कंडरा कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्याला जोडलेली असते आणि पुन्हा पुन्हा येणारा ताण त्या एवढ्याशा जागेला सोसावा लागतो. मनगट वाकवून बॅकहँड मारणाऱ्या नवख्या टेनिसपटूचे आणि ओले कपडे पिळणाऱ्या गृहिणीचे कोपर दुखते ते याच कारणाने. जुनाट दुखण्यात सूक्ष्मदर्शकाखाली दाहाच्या पेशी फारशा आढळत नाहीत. विस्कटलेले कोलॅजनचे तंतू आणि नव्याने वाढलेल्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात.

पट्ट्याने हा बिघाड दुरुस्त होत नाही. दुखऱ्या हाडाच्या सुमारे दोन बोटे खाली, स्नायूच्या फुगीर भागावर तो दाब देतो आणि कंडरेच्या मुळाशी पोहोचणारी ओढ काही अंशी कमी करतो. खोक्यावरच्या चित्रात मात्र गादी थेट हाडावर दाखवलेली आहे, आणि तेथे ती दाबली की वेदना वाढते. फिजिओथेरपिस्टबाईंनी पट्टा खाली सरकवून दिला, तेव्हा गठ्ठे उचलताना खरोखरच आराम वाटला. त्या दिवसांत कोणी विचारले असते तर मी पाचपैकी पाच गुण दिले असते.

आता वेल्क्रोविषयी. या वस्तूचा सगळा उपयोग तिच्या नेमक्या ताणावर अवलंबून आहे, आणि तो ताण टिकवण्याचे काम कंपनीने सर्वांत हलक्या भागाकडे सोपवले आहे. कागदाची धूळ आणि खळ बसून काटेरी बाजू बुजली, ती जुन्या टूथब्रशने साफ करता आली. पण मऊ बाजूची लव झडून गेली, तिला उपाय नव्हता. सैल पट्टा तासाभरात मनगटाकडे घसरतो आणि तो टिकावा म्हणून जास्त आवळला तर हाताला मुंग्या येतात, कारण तेथूनच नसाही जातात. या किमतीत एक साधे बक्कल बसवणे अशक्य नव्हते. शेवटी रविवार पेठेतल्या बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांनी तीस रुपयांत नवे वेल्क्रो दुहेरी शिवणीने लावून दिले, आणि ते मूळच्यापेक्षा चांगले धरते.

पट्टा त्यांच्याकडे होता तेवढे दिवस त्याच्याशिवाय काम केले आणि माझे मत बदलले, कारण अपेक्षेइतके दुखले नाही. श्रेय व्यायामाला द्यायला हवे. हात टेबलावर टेकवून, तळवा खाली ठेवून, पाण्याची छोटी बाटली धरायची; दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर न्यायचे आणि दुखऱ्या हाताने ते अगदी सावकाश खाली आणायचे. स्नायू लांब होत असतानाच भार पेलतो आणि कंडरेला हळूहळू त्या भाराची सवय होते. थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी ठणका वाढला तर वजन कमी करायचे.

नातेवाइकांनी स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा आग्रह धरला होता. त्याने काही आठवडे आराम पडतो हे खरे आहे, पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत, वर्षभरानंतर, इंजेक्शन घेतलेल्या रुग्णांची स्थिती नुसते सलाइन टोचलेल्यांपेक्षा वाईट आढळली. सचिन तेंडुलकरवर २००५ मध्ये या दुखण्यासाठी शस्त्रक्रिया झाली होती, याची आठवण ग्राहक मला वारंवार करून देतात. बहुतेकांचे कोपर मात्र शस्त्रक्रियेविना साधारण वर्षभरात सुधारते.

म्हणून पट्ट्याला पाचपैकी तीन गुण. घ्यायचाच असेल तर दुकानातच वेल्क्रो दहा-बारा वेळा उघडून-लावून पाहावे, शिवण ओढून पाहावी, आणि तो फक्त कामाच्या वेळी बांधून झोपताना काढून ठेवावा.