सोलापुरातली एक खानावळ: जेवण झकास, पण दारावरची ती पाटी काढायलाच हवी

आधी जेवणाचं सांगते, कारण रिव्ह्यू वाचणाऱ्याला तेच पाहिजे असतं. स्टेशनपासून चालत जाता येईल अशी जागा आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, भरलं वांगं, दही, कांदा, आणि शेंगापोळी हवी असेल तर तिचे वेगळे पैसे. चटणी उखळात कुटलेली, लसूण सढळ हाताने घातलेला, तेल सुटलेलं, तिला माझ्याकडून पाचपैकी पाच. वांगं कधीकधी जरा जास्त तिखट होतं. पाणी गार, टेबल स्वच्छ, वाढणारी पोरं नम्र. ऑफिसातल्या आम्ही बायका दुपारी तिथेच जायचो.

मग दारावर नवी पाटी लागली. वर "धर्मशास्त्रानुसार शुद्ध शाकाहारी" आणि खाली "अडचण असलेल्या महिलांनी आत येऊ नये, अन्नाला विटाळ होतो".

मी काउंटरवर जाऊन विचारलं, काका हे काय आहे? ते शांतपणे म्हणाले, "ताई, मी कुठं मनाचं लिहिलंय, शास्त्रात हाय की ते. सगळा देश शास्त्राप्रमाणं चालला असता तर आज ही वेळ आली नसती." माणूस वाईट नाही, कुणाशी उद्धट बोलताना मी त्यांना बघितलेलं नाही, आणि म्हणूनच मला जास्त लागलं, कारण चांगला माणूस असं बोलायला लागला की चारजण माना डोलावतात, त्या दिवशीही डोलावल्याच.

मग मी मनुस्मृतीचं मराठी भाषांतर काढून बसले. काकांचं बरोबर आहे, नियम आहे. चौथा अध्याय, 208 वा श्लोक, विटाळशीचा हात लागलेलं अन्न खाऊ नये. द्विजाने, म्हणजे वरच्या तीन वर्णांतल्या माणसाने, कुणाचं आणि कसलं अन्न टाळावं याची तिथे लांबलचक यादी आहे. पण यादी म्हटलं की पुढचंही वाचावं लागतं ना. लगेच 209 व्या श्लोकात सांगितलंय की "या, कोण जेवणार" अशी हाक देऊन सगळ्यांना वाढलेलं अन्न तर विशेष करून टाळावं. म्हणजे पाटी लावून, येईल त्याला ताट वाढणारी खानावळच त्या टाळायच्या यादीत बसते! ज्या पानावरून काकांनी आमच्यासाठी नियम उचलला त्याच पानावर त्यांचा धंदा बंद होतो.

अजून पुढे 211 मध्ये शिळं अन्न वर्ज्य. पाचव्या अध्यायात सवलत आहे, तूप-तेल लावलेलं किंवा जव-गव्हाचं असेल तर शिळं चालतं, पण आपली कडक भाकरी ज्वारीची, कोरडी, महिनाभर टिकते म्हणून तर लोक मुंबई-पुण्याला नेतात, ती गेली. त्याच पाचव्या अध्यायाच्या 5 व्या श्लोकात लसूण आणि कांदा अभक्ष्य, आणि 19 व्यात जाणूनबुजून खाणारा द्विज पतित होतो असं लिहिलंय. शेंगाचटणी गेली. चौथ्यात तेल्याकडून दान घेऊ नये म्हटलंय, कारण एक घाणा दहा कत्तलखान्यांच्या बरोबरीचा धरलाय. शुद्ध शाकाहारी म्हणून जे तेल आपण चटणीवर ओततो त्याच्याबद्दल हे लिहिलंय. मग ताटात राहिलं काय ते काकांनी मला सांगावं.

आणि गावाचं काय? सोलापूर हे विणणाऱ्यांचं, रंगवणाऱ्यांचं, शिवणाऱ्यांचं गाव. चादर, टॉवेल, शाळेचे युनिफॉर्म, अर्ध्या गावाची चूल त्यावर पेटते. त्या यादीत शिंप्याचं अन्न नको, रंगाऱ्याचं नको, लोहाराचं नको, सोनाराचं नको, परटाचं नको, डॉक्टरचं तर पूच म्हटलंय. डॉक्टरवरून आठवलं, भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. 1938 ला ते समुद्रापार चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार केले, 1942 ला तिथेच वारले. मनूच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कुणाला बोलवू नये ते सांगितलंय, त्यात वैद्य आहे आणि समुद्रप्रवास करणाराही आहे. म्हणजे कोटणीस दोन्हीकडून बाद. ज्या कायद्यात या माणसाला पंगतीत जागा नाही तो कायदा सोलापूरने डोक्यावर घ्यायचा?

व्याजाचं पण वाचा, आठवा अध्याय, 142. शंभरावर महिन्याला ब्राह्मणाकडून 2, क्षत्रियाकडून 3, वैश्याकडून 4, शूद्राकडून 5. वर्षाचे 24 ते 60 टक्के झाले, आणि तेही जात बघून. उद्या बँकेत कर्जाच्या फॉर्मवर हा तक्ता आला तर शास्त्र शास्त्र म्हणणारा एक तरी माणूस सही करेल का? नाही करणार. तिथे सगळ्यांना रिझर्व्ह बँक पाहिजे, मनू फक्त बायकांच्या वाट्याला. मला चीड याचीच आहे. अख्खं शास्त्र कुणालाच नको असतं, दुसऱ्यावर पडणारा तेवढा तुकडा पाहिजे असतो.

आणि तो तुकडा पडतो कुणावर ते आत स्वयंपाकघरात दिसतं. भाकऱ्या थापणाऱ्या मावशी रोजंदारीवर आहेत. पाटी लागल्यापासून त्यांना दर महिन्याला त्या दिवसांत येऊ नका सांगितलंय, आणि आलं नाही की पगार नाही. एक मावशी मला हळूच म्हणाल्या, "ताई, शास्त्राचं मला काय कळत नाही, पण पोराची फी तीच हाय." विटाळ कुणाला झाला माहीत नाही, पैसे मात्र मावशींचे कापले गेले. आपल्याकडे हजारो बायका घरी बसून विड्या वळतात, हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली असते, त्यांनी दर महिन्याला चार दिवस बाजूला बसायचं ठरवलं तर त्या घरात खाणार काय?

काउंटरच्या मागे सिद्धेश्वरांचा मोठा फोटो आहे, रोज ताजा हार असतो. काका, हे सिद्धेश्वर म्हणजे सिद्धरामेश्वर, 12 व्या शतकातले, बसवेश्वरांच्या बरोबरीचे शरण, म्हणजे शिवभक्त संत. शरणांनी पाच सुतकं नाकारली, जन्माचं, मरणाचं, जातीचं, उष्ट्याचं आणि बाईच्या पाळीचं. साडेआठशे वर्षांपूर्वी! ज्यांच्या यात्रेत तुम्ही पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजामागे चालता त्यांच्या परंपरेने जे सोडून दिलं ते तुम्ही त्यांच्याच फोटोखाली परत टांगलंय. मला देवधर्माचं वावडं नाही, मी स्वतः गड्ड्याच्या यात्रेला दरवर्षी जाते, तळ्यावर हात जोडते. आणि जुन्या शास्त्रकारांनी स्वतःसुद्धा कलिवर्ज्य म्हणून याद्या केल्या, या युगात अमुक नियम चालवायचे नाहीत असं लिहून ठेवलं, म्हणजे काळ बदलला की नियम सोडायची अक्कल त्यांना होती.

कायद्याचं पण सांगते, कारण मान डोलावणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला की हॉटेल त्यांचं, मर्जी त्यांची. तसं नाही. संविधानाचं कलम 15 वाचा, दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यात केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणालाही मज्जाव करता येत नाही, हॉटेलचा उल्लेख चक्क त्यात आहे. ज्यांनी ते लिहिलं त्या बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली होती, उगाच नाही जाळली.

स्टार द्यायचे तर चवीला चार, स्वच्छतेला चार, वागणुकीला एक, म्हणून एकूण एकच देतेय. आम्ही सगळ्याजणींनी तिथे जाणं बंद केलंय, पार्सलही नाही. ज्यांना चटणी आवडते त्यांनी जाऊ नका असं मी म्हणत नाही, पण गेलात तर काउंटरवर पाटीबद्दल जरूर विचारा, आणि मोठ्याने विचारा, आत मावशींना ऐकू जाईल असं. काका, तुम्ही हे वाचाल याची मला खात्री आहे. पाटी काढा, मावशींचे कापलेले पैसे द्या, मी त्याच दिवशी येऊन जेवेन आणि हा रिव्ह्यू बदलेन.