गाडी थरथरते: क्लच की इंजेक्टर?
सात रस्त्याच्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये उचलली की आमची जुनी डिझेल गाडी डॅशबोर्डसकट थरथरायची. मेकॅनिक म्हणाला, "इंजेक्टर उतरवू." म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग. म्हटलं, थांबा जरा.

न्यूट्रलला इंजिन शांत आणि क्लच अर्धा सुटतानाच, रिव्हर्सला तर जास्तच, हादरे बसले तर संशय क्लचवर: प्लेटला तेल लागलेलं किंवा ती काचेसारखी गुळगुळीत झालेली. आधी इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार, बघा. फाटलेलं रबरही हुबेहूब हेच नाटक करतं, आणि खर्च कमी.

इंजेक्टरचं दुखणं उभ्या गाडीतही दिसतं: आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) लंगडी चाल, धूर. कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल) असेल तर प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न पाइप, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारी नळी, वेगळ्या बाटलीत सोडतात. एखादी भराभर भरली तर तो इंजेक्टर संशयित. इंजेक्टरला डिझेल देणारा प्रेशर पाइप चालू इंजिनवर सैल करू नका, आयडललाही २००-३०० बार दाब असतो.

आमच्या गाडीत दोष क्लच प्लेटचाच निघाला.